टाकीवर एक हाये बे!

आमच्या धाड गावात तेव्हा एकच सायबर कॅफे होता, बाजारगल्लीत, मोबाईलच्या दुकानामागे. चालवणारे भाईजान मोठे सज्जन, पण त्यांना आरडाओरडा खपत नसे. आणि आमचा तर खेळच आरडाओरड्याचा. स्क्रीनवर हातात बंदूक, समोर वाळवंटातलं कुठलंसं उजाड गाव आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर माझा जिवाभावाचा मित्र. बाकीची पोरं विरुद्ध, आम्ही दोघं कायम एका बाजूला.

त्या खेळातल्या जागांना इंग्रजी नावं होती म्हणे. आम्हाला कोण सांगणार? आम्ही आपलं धाडच तिथं नेऊन वसवलं. उंच चौथरा म्हणजे पाण्याची टाकी. मोकळं मैदान म्हणजे बसस्टँड. अंधारा बोगदा म्हणजे हेडमास्तरांची गल्ली, कारण तिथून कोणी धड परत येत नसे. "टाकीवर एक हाये बे!" मी बोंबललो की तो बसस्टँडातून धावत यायचाच. "अबे, आहिस्ता!" भाईजान बाहेरून ओरडायचे. मला मात्र मागे वळून पाहायची कधी गरजच पडली नाही.

पुढे तो शिकायला पुण्याला गेला आणि तिथंच नोकरीला लागला. मी इथंच कृषी केंद्र टाकलं. दिवसभर बियाणं, फवारणी, गिऱ्हाइकांची कटकट. बोलून बोलून घसा बसतो, पण ज्याच्याशी बोलावंसं वाटेल असं गावात कोणी उरलं नाही. एकटं वाटतं, लेकाचं फारच एकटं वाटतं.

गेल्या दिवाळीत तोच जुना खेळ लॅपटॉपवर मिळाला. अनोळखी पोरांसोबत खेळून पाहिलं. "टाकीवर!" म्हणालो, तर पलीकडचे खिदळले. मूर्ख कुठले! मग मित्राच्याच मागे लागलो. आज मीटिंग, उद्या पाहुणे, असं करता करता एका रविवारी दुपारी तो तयार झाला. मी दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं आणि त्याला फोन लावून स्पीकरवर टाकला.

चौथऱ्यावर एक जण दिसला, तसा मी जीव तोडून ओरडलो, "टाकीवर हाये बे, बसस्टँडातून ये!"

"कुठून?" तो म्हणाला. "कसलं बसस्टँड?"

मला वाटलं, गंमत करतोय. "अबे, आपलं! धाडचं!"

"अरे, डावीकडे की उजवीकडे ते नीट सांग ना."

तेवढ्यात मला गोळी लागली.

पुढच्या डावात मी "डावीकडे" म्हणालो. तो लगेच आला. आम्ही जिंकलो. "मजा आली यार, परत खेळू," तो खूश होऊन म्हणाला. "हाव," म्हटलं मी. मग त्यानंच फोन ठेवला.

तो पुण्याला गेला तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या दिवशी बाहेर कोणीतरी बराच वेळ शटर वाजवत राहिलं, पण मी काही उघडलं नाही.