खाली मंडळी आहे

"कडेनं या. खाली मंडळी आहे."

आमचे सर हे म्हणायचे आणि स्वतः अलगद वळसा घालायचे. कॉलेजच्या आवारात मोठा लिंब होता, त्याखाली पाल्याचा थर साचलेला असायचा. सगळं कॉलेज त्यावरून तुडवत जायचं. सर मात्र फरशीच्या कडेनं, तोल सांभाळत, हातातली पिशवी उंच धरून. एकदा प्राचार्य त्यांच्यासोबत होते. तेही बिचारे मुकाट्यानं कडेकडेनं आले आणि मग मला बाजूला घेऊन विचारायला लागले, तिकडं साप निघालाय का म्हणून.

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असणार. त्याच्या पाठीमागं आपण हसतो. मीही हसले. पहिलं वर्षभर तर पोट धरून हसले.

मी परभणीच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. माझे मालक, म्हणजे नवरा, तिथंच शिपाई होते. ते गेले आणि त्यांच्या जागेवर मला घेतलं. माहेर मानवतचं. प्रयोगशाळा कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या हातात खुरपं आणि कापडी पिशवी दिली. मी मनात म्हटलं, घ्या, निंदण सुटलं म्हणून नोकरीला लागले, तर इथंही खुरपंच.

मंडळी म्हणजे माइट. मातीतले कोळी म्हणा हवं तर, पण जाळं विणणारे नाहीत. मोहरीच्या एका दाण्याचे दहा तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याला आठ पाय फुटले असं समजा. झाडाखालच्या पाल्यात, ओलीत, सावलीत राहतात. पडलेला पाला खाऊन त्याची माती करतात. सर म्हणायचे, आपण जिला माती म्हणतो तिच्यातली निम्मी यांच्या पोटातून आलेली आहे. मला आधी शिसारी यायची. पुढं पुढं मीच विद्यार्थ्यांना दटावायला लागले, की पाय उचलून चाला रे.

त्यांना मातीतून काढायची रीत अगदी साधी. पत्र्याचं नरसाळं, त्यात चाळणी, चाळणीवर माती. खाली स्पिरिटची बाटली आणि वर पिवळ्या उजेडाचा जुना बल्ब. वरून ऊब लागली की माती हळूहळू सुकते आणि मंडळी ओलीच्या शोधात खाली खाली सरकतात, शेवटी बाटलीत पडतात. तीन-चार दिवस लागतात. आमच्याकडं अशी सहा नरसाळी होती, कडबी मंडईजवळच्या एका पत्राकामवाल्याकडून करून घेतलेली. त्याला अजूनही वाटतं की सर रॉकेल विकतात.

मग सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे आणि मंडळींच्या पाठीवरचे केस मोजायचे. हो, केस. कुठली प्रजाती आहे ते केसांवरून कळतं, किती आहेत, कुठं आहेत, टोकाला कसे आहेत. सरांच्या स्वतःच्या डोक्यावर मोजून मूठभर केस. मी एकदा बोलून गेले, की सर, दुसऱ्याचे मोजण्यात तुमचा जन्म गेला. ते डोळा न उचलता म्हणाले, "आपले मोजायला वेळ लागत नाही."

काचपट्टीच्या चिठ्ठीवर गाव, झाड, महिना ते पेनानं लिहायचे. नाव मात्र पेन्सिलीनं. का, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "गाव बदलत नाही, बाई. नाव चुकू शकतं. आणि चुकीचं नाव एकदा छापून गेलं की त्या जीवाला कायम तेच चिकटतं." लग्नात माझं नाव बदललं होतं, ते मला कधी आवडलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्या माणसाला हसायचं सोडलं.

आता मुद्द्याचं सांगते.

सोनपेठकडं एका खेड्याच्या शिवेवर, ओढ्याच्या काठाला, जुनी चिंच होती. तिच्या बुंध्याशी ढोपरभर पाला, भर उन्हाळ्यातसुद्धा खाली हात घातला तर गार लागायचं. तिथली पिशवी आम्ही एका श्रावणात आणली. बाटलीत नेहमीचीच मंडळी पडली, आणि त्यात ही एक. सरांनी तिला पट्टीवर बसवलं, पाहिलं, उठले, हात धुऊन आले, पुन्हा पाहिलं. मग मला म्हणाले, बघा. मी बघितलं. तांबूस, घुमटासारखी पाठ, आणि पाठीवरच्या केसांची टोकं चपटी, चमच्यासारखी. सर म्हणाले, अशी कुणीच लिहून ठेवलेली नाही. त्यांनी घरची सगळी पुस्तकं उलटीपालटी केली, परदेशातल्या एका तज्ज्ञ बाईंना चित्र काढून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, की नवीच दिसते, अभिनंदन, पण आणखी नमुने पाहा, नर मिळाला तर फारच बरं.

सरांची नोकरी तेव्हा दोन वर्षं उरलेली. सगळ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्यांनी ठेवलेली नावंच ओळखून दिली होती. नाव द्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती. मी म्हटलं, देऊन टाका की, एक आहे ना हातात. ते म्हणाले, "एकीवरून नाही. ही एकटीच वेडीवाकडी जन्मलेली असली तर? दोन-चार मिळू देत."

मिळाल्या असत्या हो. पण आधी परीक्षा, मग निवडणुकीची ड्यूटी, मग सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आम्ही पुन्हा गेलो ते थेट चैत्रात. एसटीतून उतरलो तर समोर मोकळं आभाळ. चिंच आडवी पडलेली, रस्ता रुंद करायचा होता म्हणून. जेसीबीनं काठ खरवडून नेला होता. सरांनी चपला काढल्या, खड्ड्यात उतरले, आणि उपटलेल्या मुळ्यांच्या बेचक्यात जेवढी काळी, पाल्याची माती अडकलेली होती तेवढी हातानं ओरबाडून काढली. एक पिशवी भरली. बस्स, तेवढीच.

ती आम्ही नरसाळ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी सरांना पेपर तपासायला नांदेडला जावं लागलं, तीन दिवसांसाठी. जाताना दारातून परत वळले आणि म्हणाले, "बाई, एवढं बघा. बल्ब बंद पडू देऊ नका."

आणि त्याच दुपारी बल्ब उडाला. बाकीच्या नरसाळ्यांचे आधीच गेलेले, चालू असलेला तेवढा हा एकच होता.

मी गावभर फिरले. तुम्ही कधी हल्ली तसला बल्ब मागून बघा. दुकानदार हसतो. सगळीकडं एलईडी, तो नुसता उजेड देतो, त्याला ऊब नाही. स्टेशन रोड झाला, नानलपेठ झाली, एकानं तर म्हटलं, मावशी, म्युझियमला जावा. मला रडायला यायची वेळ आली. मग आठवलं, माझ्या दिराचं पोल्ट्रीचं शेड आहे, तिथं पिल्लांना ऊब द्यायला तसले बल्ब असतात. रिक्षानं गेले, घेऊन आले, लावला. तो लागल्यावर माझा जीव भांड्यात पडला. रोज सकाळी आधी त्याच्याकडं बघायची, मग देवाकडं.

सर आले. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की बल्ब गेला होता पण मी बंद पडू दिला नाही. त्यांनी नरसाळ्यावर हात धरला. मग मातीवर टेकवला आणि तसाच ठेवला.

"हा कुठला आणला?"

"दिराच्या शेडमधला. पिल्लांचा."

"पिल्लांचा," ते म्हणाले. आणि बटण बंद केलं.

मला कळेना. तेव्हा त्यांनीच सांगितलं, अगदी वर्गात सांगतात तसं. आपला बल्ब बारका असतो, माती हळू सुकते, हळू चालणाऱ्यांना खाली पोचायला वेळ मिळतो. हा त्याच्या चौपट ताकदीचा. याच्याखाली माती तासाभरात वरून भाजली. जे तुरुतुरु पळतात ते बाटलीत पोचले असतील. ही हळू चालणारी होती.

बाटलीत पळणारेच निघाले. सर मग ती वाळलेली माती पांढऱ्या कागदावर घेऊन, ओल्या कुंचल्यानं दाणा दाणा बाजूला करत बसले. ऑपरेशन झालेला तो डोळा, त्यातून सारखं पाणी यायचं. आठवडा गेला. दोन मिळाल्या. पापडासारख्या चुरलेल्या, पाय गळलेले, पाठीवर एक केस धड नाही. त्यातला एक बहुतेक नर होता. बहुतेक.

मी त्या दिवशी त्यांच्यासमोर ओरडलेच. सर, रागवा ना माझ्यावर, काही तरी बोला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "रागावून नर मिळाला असता, तर रागावलो असतो."

मी जाऊन भांडी विसळली. सगळी स्वच्छच होती.

पण त्यांनी सोडलं नाही. चिंचेखालची माती गेली कुठं, याचा तपास त्यांनी सुरू केला. चौकशी करता करता कळलं, की थोडी आसपासच्या रानांत पसरली आणि उरलेली ओढ्यावरच्या नव्या पुलाजवळ भराव म्हणून टाकली. मग दर रविवारी आम्ही त्या मातीच्या मागावर. लोकांना वाटायचं, सरकारचे माणसं आले, माती परीक्षणाला. चहा यायचा. एक म्हातारी शेतकरीण सरांना म्हणाली, "वांग्यावर लाल कोळी पडलाय जी, लय तरास हाय. कोन्तं औषध मारू?"

सर म्हणाले, "मावशी, मला मारायचे नाहीत. मी एक शोधतोय."

ती त्यांच्याकडं बघतच राहिली. मग मला विचारलं, "ह्यांचं हरवलं काय?"

"कोळी," मी म्हटलं.

"आगं बया," ती म्हणाली, आणि सरांना आणखी अर्धा कप चहा ओतला. जाताना तिनं आपणहून बांधावरची ओंजळभर माती आमच्या पिशवीत टाकली, प्रसाद द्यावा तशी.

त्यात काही नव्हतं. कशातच नव्हतं. उघड्या रानात, उन्हात, सावलीतला जीव टिकत नाही, हे सरांना पहिल्या रविवारीच माहीत होतं. मला त्यांनी ते खूप नंतर सांगितलं. मी विचारलं, मग कशाला यायचं? ते म्हणाले, नाही आलो तर दुसरं काय करायचं?

येता-जाताना एसटी त्या नव्या पुलाच्या भरावावरून जायची. पूल जवळ आला की सर बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीवरून उचलायचे, पिशवी छातीशी धरून, आणि पूल ओलांडला की खाली ठेवायचे. एवढी लोखंडी गाडी, तिची ती चाकं, सत्तर माणसं, पोती, आणि हे पाय उचलतायत. कंडक्टरनं एकदा विचारलं, काका, पायाला गोळे आले का? सर लाजले. मला हळूच म्हणाले, "खाली मंडळी आहे."

रिटायर झाल्यावरही ते जात राहिले, एकटे. मला नोकरी होती. गेल्या उन्हाळ्यात त्यांना घरीच, दुपारी, आराम करताना झटका आला. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, तेराव्यानंतर मला बोलावून काचपट्ट्यांची लाकडी पेटी दिली. त्यांना ती घरात बघवत नव्हती.

पेटीत बाकी सगळ्या पट्ट्यांवर नावं आहेत. तिच्या चिठ्ठीवर पेनानं गाव, चिंच, श्रावण. शोधणाऱ्याच्या जागी दोन नावं, त्यांचं आणि माझं, माझं माहेरचं, मी कधीतरी बोलता बोलता सांगितलेलं. आणि तिच्या नावाच्या जागी काही नाही. पेन्सिलीनं लिहून खोडलेलंसुद्धा नाही. मी भिंग लावून बघितलं.

पेटी घेऊन नव्या सरांकडं गेले. चांगले आहेत ते. म्हणाले, एका नमुन्यावरूनही नाव देता येतं, पण ते जाणकारानं द्यावं लागतं, माझा विषय मासे. परदेशातल्या त्या बाईंना त्यांनी माझ्यासाठी लिहिलं. उत्तर आलं, की त्या आता काम करत नाहीत, कळवल्याबद्दल आभार. नरसाळी माळ्यावर गेली. पेटी माझ्या घरी कपाटात आहे, डांबराच्या गोळ्यांपासून लांब ठेवलीय. मला केस मोजता येतात, सत्तावीसपर्यंत मोजलेत. पण मोजून मी काय करू? मला नाव ठेवता येत नाही. माझ्या हातून ती गेली, आणि माझ्या हातात ती आहे, आणि मला काहीच करता येत नाही. हे कुणाला सांगावं तर आधी अर्धा तास माइट म्हणजे काय ते सांगावं लागतं. म्हणून तुम्हाला सांगितलं.

परवा एका लग्नाला सोनपेठला गेले होते. गाडीत गर्दी, शेजारी एक बाई मांडीवर डबा घेऊन बसलेली. पूल आला आणि माझे पाय आपोआप वर गेले. चपला खाली राहिल्या, पाय हवेत.

"काय झालं ओ?" तिनं वाकून खाली बघितलं. "सांडलं का काही?"

मी नाही म्हटलं. पूल संपला तरी जरा वेळ पाय वरच ठेवले.