हुकूम पाळणाऱ्या बाई

अकोल्याकडच्या आमच्या शाळेत मी खिचडी शिजवते. पहिलीच्या बाई इंग्रजी शिकवताना मराठीत अर्थ सांगतच नाहीत. हुकूम पोरांनी सोडायचा आणि बाईंनी पाळायचा. 'जंप' म्हटलं की पदर खोचून उड्या मारतात. एक पोरगी मात्र दिवाळी झाली तरी तोंड उघडेना. बाईंनी तिला कधी टोकलं नाही.

परवा बाई भरली कळशी घेऊन अंगणातून निघाल्या होत्या. ती पोरगी पुटपुटली, "स्टॉप."

बाई उचललेला पाय तसाच अधांतरी धरून थांबल्या. तेवढ्यात तपासणीचे साहेब फाटकात आले.

मी ओरडले, "बाई, सायेब आले, चाला नं!"

बाई हलल्या नाहीत. कळशीतलं पाणी सांडून पदर भिजला, साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं.

मग पोरगी खणखणीत ओरडली, "गो!"

तेव्हा कुठे बाईंनी पाय टेकवला.