जवसाच्या रंगाचे मणी

भोकरच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या एका शेतात जवस फुलला होता. सकाळचे नऊ वाजले असतील. हरभऱ्याच्या कडेनं पाच-सहा ओळी होत्या, आणि त्यांच्यावर तो धड निळाही न म्हणता येणारा, धड जांभळाही न म्हणता येणारा रंग वाऱ्यासरशी हलत होता. मी गाडी थांबवायला लावली. हल्ली जवस फारसा दिसत नाही, आणि दिसला तरी त्याचं फूल दुपार बघत नाही. ऊन चढलं की पाकळ्या मातीवर. एखाद्याला तो रंग पाहून बरं वाटेल. माझी मात्र आजही कानशिलं तापतात.

भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही लातूरला राहत होतो. आमच्या गल्लीत ज्याला त्याला घरावर एक खोली चढवायची घाई झाली होती. किनवट, देगलूर, निलंगा, कुठून कुठून मुलं ट्रंका घेऊन येत, पत्र्याखाली राहत आणि पहाटे सायकली काढून एका शिकवणीतून दुसऱ्या शिकवणीत पळत. मी पुढच्या खोलीत फिजिक्स शिकवायचो. ‘चारपैकी तीन उत्तरं तुम्हाला फसवायला ठेवलेली असतात,’ हे माझं पहिल्या तासाचं वाक्य. दर तुकडीला तेच बोलून बोलून ते माझ्या अंगात भिनलं होतं. दूधवाल्याच्या हसण्यात, शेजाऱ्यानं सहज केलेल्या चौकशीत मला काहीतरी दडलेलं दिसायचं. तसं त्या काळी सगळं गावच धास्तावलेलं होतं. ट्रक गेला तरी लोक आधी भिंतीकडे बघत. मी तर स्वयंपाकघरातल्या भेगेच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण करून ठेवली होती, आणि ती पुढे सरकली की काय, हे दर रविवारी तपासायचो.

बायकोचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. तिची आई आणि धाकटी बहीण त्या पहाटे घराखाली गेल्या. त्यानंतर ती रडली, उठली, कामाला लागली. घरातलं काहीच अडलं नाही. फक्त कामापलीकडचं बोलणं थांबलं. दारातली रांगोळी, गाण्याची गुणगुण, ‘हे बघा ना’ म्हणून हाक मारणं, सगळं हळूहळू बंद पडलं. मी ते पाहत होतो आणि काय करावं हे मला कळत नव्हतं.

मग गल्लीत आपा यायला लागल्या. नांदेडहून एसटीनं येणाऱ्या पन्नाशीच्या मुसलमान बाई. काळा बुरखा आणि हातात स्टीलचा मोठा मसाल्याचा डबा. त्याच्या वाट्यांत मसाल्याऐवजी मणी असत: अकीक, पोवळं, मोती, काच. शेजारच्या वहिनींच्या ओसरीवर बायका जमायच्या. एकदा माझी बायकोही गेली आणि परत आली ती मूठभर मणी आणि सुई-दोरा घेऊन. महिन्याभरात तिच्या माळा गल्लीत मागितल्या जाऊ लागल्या. तिचे हात हलताना दिसले की मला बरं वाटायचं. पण त्या बरं वाटण्याच्याही खाली एक किडा वळवळत असायचा. ही बाई इतका वेळ का बसते? काय बोलतात दोघी?

एक दिवस बायकोनं तिच्याकडे एक रंग मागितला. माहेरच्या शेतात जवस असायचा, त्या फुलांचा. दोघी बहिणी सकाळी बांधावर जाऊन ती फुलं केसांत माळायच्या आणि घरी पोचेपर्यंत ती गळून जायची, असं तिनं आपांना सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं होऊन मला ते माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला आपांनी लाजवर्द आणला, निळाशार खडा. बायको म्हणाली, फार गडद. मग जांभळा जमुनिया आणला. तो तिला दारूसारखा लालसर वाटला. निळी काच तर तिनं हातातही धरली नाही. आणि मग पौषातल्या एका दुपारी आपांनी आमच्याच ओसरीवर पांढरं फडकं पसरलं आणि त्यावर नीलीचे मणी ओतले.

“हा बघा बाई. नीलमचा गरीब भाऊ,” आपा म्हणाल्या.

दोन दुपारी ती निवड चालली. एकेक मणी सुईवर घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, सुई बोटांत फिरवायची, आणि मग उजवीकडे नाहीतर डावीकडे ठेवायचा. मी खिडकीतून पेपर तपासत बघत होतो. दिसायला सारखेच मणी. मग यात एवढं निवडण्यासारखं काय आहे? संध्याकाळी आपा गेल्यावर मी त्यातला एक उचलला. उजेडात धरला, तर अगदी जवसाचं फूल. थोडा वळवला, तर रंग गेला! पाण्यासारखा फिकट, वर किंचित पिवळट झाक. पुन्हा वळवला, पुन्हा निळा-जांभळा. माझी खात्री पटली. एका अंगानं रंग दिलेली काच. तो मणी मी दिवसभर स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला. रंग हलला नाही. शहाण्या माणसाला तेवढं पुरलं असतं. मला वाटलं, रंग चांगला पक्का दिलाय.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मी बघूनच घेतलेत,” आणि पुन्हा दोऱ्याकडे वळली.

आपांच्या पुढच्या खेपेला ओसरीवर वहिनी होत्या, आणखी दोघी होत्या. मी तो मणी घेऊन बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर तो वळवून दाखवला. “आपा, इकडून निळा, इकडून पांढरा. कुणाला फसवून राहिलात?”

त्यांनी मणी हातात घेतला नाही. शांतपणे म्हणाल्या, “सर, हा पत्थरच असा हाय. नीली एका बाजूनं एक दिसती, दुसऱ्या बाजूनं दुसरी. म्हणून तं आम्ही फिरवू फिरवू निवडतो. काच असती तं चारी अंगानं सारखीच दिसली असती.”

“मला फिजिक्स शिकवू नका,” मी म्हणालो.

वहिनींनी हातातला मोत्यांचा सर हळूच फडक्यावर ठेवला. आपांनी एकेक वाटी डब्यात बसवली, झाकण लावलं, बायकोच्या पुढ्यातली नीली तशीच राहू दिली. “येते बाई,” एवढंच म्हणाल्या. पण नंतर कधी आल्या नाहीत. बायकोनं अर्धी ओवलेली माळ कपाटात ठेवून दिली आणि सुई-दोराही. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं.

पावसाळ्यात गावातल्या कॉलेजच्या वाचनालयात मी प्रकाशाच्या ध्रुवीकरणावर जरा अवघड उदाहरणं शोधत होतो. हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. माझ्या मुलांचे त्यात मार्क जात नसत. जुन्या, पिवळ्या पडलेल्या एका पुस्तकात त्याच धड्याच्या शेवटी एक परिच्छेद होता. काही स्फटिक वेगवेगळ्या दिशांनी पाहिले असता वेगवेगळ्या रंगांचे दिसतात, आणि उदाहरण म्हणून पहिला खडा दिला होता तो नीलीचा. काच मात्र सगळीकडून सारखीच. हा परिच्छेद मी विद्यार्थी असताना नक्की वाचला असणार. परीक्षेत येत नाही म्हणून सोडून दिला असणार. मी दोन कपाटांच्या मधे उभ्यानंच तो पुन्हा वाचून काढला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“मग त्या दिवशी बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंच कुठं? तुम्ही तर सांगून राहिला होता.” मग खाली बघतच, “मी बोलायला पाहिजे होतं. त्यांच्यासाठी तरी.”

रविवारी आम्ही दोघं एसटीनं नांदेडला गेलो. पत्ता तिच्याजवळ होता. जुन्या वस्तीतली अरुंद गल्ली, हिरवं दार. आपांनी आत घेतलं, सुनेला चहा टाकायला सांगितला. मी बोललो, जे बोलायचं ठरवून आलो होतो त्याच्या निम्मंच बोलता आलं. त्यांनी मधे तोडलं नाही. चहा आला तेव्हा म्हणाल्या, “सर, राग न्हाई माझा. तुम्ही आलात, लई झालं. पण त्या गल्लीत मी आता येणार न्हाई. एका ओसरीवर खोटी पडली ना, की बाकीच्या ओसऱ्यांवर कोणी पाणीबी विचारत न्हाई. पुढच्या दोन गल्ल्यांत हेच झालं माझं.” मग त्यांनी बायकोकडे वळून विचारलं, “माळ झाली का?”

बायकोनं पिशवीतून रुमाल काढला. दोघी उंबऱ्याशी उजेडाला बसल्या आणि उरलेले मणी सुईवर फिरवू लागल्या. मधेच बायको काहीतरी पुटपुटली आणि आपा मोठ्यानं हसल्या. मग बायकोही हसली. मी चहाचा रिकामा कप धरून खाटेवर बसून होतो. माझ्यावरच हसल्या असाव्यात. बरं झालं.

गल्लीत परतल्यावर मी घरोघरी जाऊन सांगितलं की चूक माझी होती. सगळ्यांनी ऐकून घेतलं. ‘असं का सर,’ म्हणाले आणि मुलांच्या मार्कांचं विचारलं. बायकोनं पुन्हा माळा ओवायला सुरुवात केली. मणी आणायला ती नांदेडला जायची आणि पुढे बारा वर्षं, आपा होत्या तोवर, तो तिचा परिपाठ राहिला. आताशा गल्लीत शिकवण्यांच्या तीन-तीन मजली इमारती आहेत, आमच्या ओसरीवर ऊनही पोचत नाही. मला वाटत होतं, इतक्या वर्षांत जुन्या गोष्टी विरून गेल्या असतील.

गेल्या महिन्यात वहिनींची नातसून आली होती. आपा गेल्या त्यानंतर कितीतरी वर्षांनी वहिनींच्या घरात आलेली, नाकासमोर चालणारी मुलगी. बायकोच्या गळ्यातली माळ बघून म्हणाली, “आजेसासूबाई सांगत होत्या, इथं पूर्वी नकली मणी विकणारी एक बाई यायची म्हणून.”

मी तिला बसवून घेतलं. सगळं सांगितलं, काही न वगळता. स्पिरिटचं, वाचनालयाचं, हिरव्या दाराचं. तिनं मन लावून ऐकलं. मग जायला उठली, माळेकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि आवाज जरा खाली आणून मला विचारलं,

“पण काका, हे तरी खरे आहेत ना?”