जिन्याच्या बाजूची सुमन

त्या शनिवारी सकाळी आम्ही दोघांनी जिना झाडला. सुमन झाडू मारत होती, मी केरभरणी धरून एकेक पायरी खाली सरकत होतो, आणि ती म्हणत होती, "अहो, नीट धरा. निम्मा केर तुमच्या पायावर चाललाय." पाळी आमची नव्हती. महिनाभर सगळ्यांच्या पाळ्या आम्हीच झाडत होतो, आणि त्याला कारण होती एक लढाई. ती आपल्या देशाची नव्हती, आम्ही राहत होतो त्या जर्मनीचीही नव्हती. कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. सुमन जाऊन आता काही आठवडे झाले, पण माझा राग काही निवत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी चौथी शिकलेला माणूस, जन्मभर चिंचवडला टेम्पो चालवला. मुलगा राजू बॉबलिंगेनला गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर आहे. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्याकडे गेलो. तीन मजली इमारत, तीन बिऱ्हाडं. खाली रशियातून आलेली ल्युडमिला, वर जॉर्जियाची नाना, मध्ये आम्ही. बाई असून नाना. सुमनला पहिले काही दिवस तिला हाक मारतानाच हसू यायचं. तिकडे जिना भाडेकरूंनी झाडायचा असतो. केअरवोखं म्हणतात. एक लाकडी पाटी असते, ती ज्याच्या दाराला, त्याचा तो आठवडा. आपला आठवडा संपला की पाटी पुढच्याच्या दाराला लावून यायची. सुमन म्हणाली, "केर तर आपलाच, बाकी शब्द त्यांचा असू दे." ल्युडमिला आणि नाना दोघींना रशियन यायचं. संध्याकाळी खालच्या बाकावर दोघी विणत बसायच्या, सुमन मध्ये. तिला एक अक्षर कळायचं नाही. तरी वर आली की सांगायची, आज नानाचं सुनेशी वाजलंय. आणि ते खरं निघायचं...

ऑगस्टात रशिया आणि जॉर्जियाची जुंपली. चार-पाच दिवसांत लढाई थांबली, आणि मग खरा तमाशा सुरू झाला. रोज टीव्हीवर मोठे लोक लांब टेबलाशी, मागे झेंडे, पुढे पाण्याच्या बाटल्या. रशिया म्हणतो मागे हटणार नाही, अमेरिका लांबून दम देते, युरोपवाले कागद घेऊन इकडून तिकडे. राजू आम्हाला समजावून सांगायचा. सुमन सगळं ऐकून म्हणाली, "आणि ह्यांचा जिना कोण झाडतं?"

आमचा तर आम्हीच झाडत होतो. कारण नाना पाटी घेऊन ल्युडमिलाच्या दाराशी जाईना, आणि नानाने झाडलेला जिना ल्युडमिला झाडलेला मानेना. रशियनमध्ये बोलणं तर नानाने बंदच केलं. शेवटी दोघींनी पाटी आमच्या दाराला आणून सोडली, आणि ती तिथेच राहिली. वर दोघींचा सुमनवर दाब. ल्युडमिला काकडीच्या लोणच्याची बरणी घेऊन आली आणि राजूकडून जर्मनमधून विचारून घेतलं, "तुमचा देश आमचा जुना मित्र. मग तुम्ही गप्प का?" दुसऱ्या दिवशी नाना चीज घातलेली गरम भाकरी घेऊन. "तुमच्यावर इंग्रजांनी राज्य केलं. तुम्हाला तरी कळायला हवं."

राजू म्हणाला, "आई, दोघींना एकच पाहिजे. तू कुणाच्या बाजूची ते सांग."

"मी जिन्याच्या बाजूची, म्हणावं. आणि देश मला विचारून मैत्री करतो का?"

मी वैतागलो होतो. म्हटलं, "अगं, लोणचं खाल्लंस, भाकरी खाल्लीस, आता दोन्हीकडून बांधली गेलीस. पाटी फेकून दे आणि दार लाव." तर म्हणते, "अहो, परत जायच्या आधी ह्या दोघींना एकमेकींशी बोलताना बघायचंय मला. तोवर झाडू." हट्टी बाई. लग्नापासून तशीच. माझ्या भावाशी माझा अबोला झाला, तेव्हा हिनं दोन वर्षं दोन्ही घरी डबे पोचवले. मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, वाट मोडू नये म्हणून.

शनिवारी जिना झाला, जेवलो. "जरा पाठ टेकते," म्हणाली. उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. संध्याकाळी तिला घेऊन गेले आणि मी दारात उभा राहिलो, तर नाना वरच्या पायरीवर रडतेय, ल्युडमिला खालच्या पायरीवर रडतेय. दोघींना आत यायचं होतं. पण एक आधी जाते का ते बघत दुसरी थांबलेली. माझी बायको गेली होती, आणि ह्यांचं अजून आधी कोण हे चाललं होतं. मी दोघींकडे बघितलं आणि आत निघून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पक्कड घेतली आणि आमच्या दाराचा पाटी अडकवायचा खिळा उपटला. राजू म्हणाला, "आबा, हे काय करताय?" म्हटलं, "मधलं माणूस गेलं. आता त्यांचं त्या बघतील." पाटी मधल्या पायरीवर ठेवली आणि दोघींच्या दारावरच्या घंटा वाजवून वर आलो. थोड्या वेळानं जिन्यात आवाज आला. आधी एकीचा. मग दुसरीचा, त्याहून मोठा. कडाकडा भांडत होत्या, आणि रशियनमध्ये...

"काय म्हणतायत रे?" मी विचारलं.

"मला रशियन कुठे येतं, आबा? दार लावू का?"

"नको."

सुतक होतं. घरात काही शिजवायचं नसतं. मी शेगडी लावली आणि त्या दोघींपुरतं चहाचं आधण ठेवलं.