खुरप्याला गंज

केंदूरच्या धुरपदाला पन्नाशी उलटल्यावर एक खोड जडली. चालायची! गेल्या साली बचत गटाची सहल गडावर गेली, तेव्हा बाकीच्या बाया पहिल्याच वळणावर बूड टेकून बसल्या आणि ही पदर खोचून सगळ्यांच्या आधी वर. वर पोचल्यावर तिला हसूच फुटलं. हे आपल्या अंगात इतकी वर्षं कुठं दडून बसलं होतं, याचं तिला भारी नवल वाटलं.

तेव्हापासून ती रोज सकाळी गावामागच्या टेकडीवर जायला लागली. पण गावात बाईमाणसाला नुसतं चालण्याची सोय कुठली? रिकामा हात दिसला की मोटरसायकली थांबायच्या. "काय झालं, मावशी? कोण आजारी हाय का? बसा, सोडतो." मग धुरपदाने शक्कल लढवली. हातात खुरपं धरायचं. खुरपं दिसलं की बाई कामाला निघाली, विषय संपला. वर गेल्यावर ते दगडावर ठेवायचं आणि ससा कुठल्या जाळीतून निघतो, खालची वाट कुठं वळते, ते बघत बसायचं.

एके दिवशी तिच्या नवऱ्याने, कोंडिबाने, ते खुरपं हातात घेतलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं.

"रोज रानात खुरपायला जातीस, आन् खुरपं गंजलं कसं गं?"

चहा ढवळता ढवळता धुरपदा थबकली. थाप मारली असती तर खपून गेली असती. पण तिला आता थापेचा कंटाळा आला होता.

"रानात जातच न्हाई मी. टेकडीवर जाती. नुसती."

कोंडिबा तापट गडी. आता टेकडी सुटली, असंच तिने धरलं. पण तो उंबऱ्यावर टेकला.

"काय दिसतं तिथनं?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"आपलं घर दिसतं. पहिल्या दिशी वळखूच आलं न्हाई. आन् तिथं बसलं की मी कुणाची कोण, ते ध्यानातच राहत न्हाई. तरी मी असतीच की, अहो!"

कोंडिबा उठून गोठ्याकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सवयीने तिचा हात खुंटीकडे गेला. खुंटी रिकामी. गोठ्यातून कोंडिबाचा आवाज आला, "खुरपं मला लागतंय. तू जा."

वेशीपाशी शेजारची रुपाली भेटली. "रिकाम्या हातानं कुठं निघाला, काकू?"

"फिरायला," धुरपदा म्हणाली. आणि तो शब्द आपल्या तोंडी कसा वाटतो ते ऐकायला तिने तो पुन्हा एकदा म्हटला.