काखेतली शिवण

ताईचा आणि माझा शिवणकामाचा गाळा एकच. कापणं आणि मशिन तिचं. काजं, हूक, हातशिलाई आणि गिऱ्हाइकांची कटकट माझी. सगळे शिंपी ‘उद्या या’ म्हणून दिवस काढतात, पण ताईने आयुष्यात कुणाला उद्या म्हटलं नाही. ठरल्या दिवशी कपडा हँगरवर. याच बाईने दवाखान्याला मात्र वर्षभर टांगून ठेवलं, याचा मला अजून संताप येतो.

झालं असं, की बाजारात तपासणीची गाडी आली होती. बायकांच्या छातीचा फोटो काढून द्यायचे, फुकट. गाळ्यात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून दोघी गेलो. आत शिरताना ताई म्हणाली, “फोटो काढतायत, तर हसायचं का गं?” माझा फोटो साफ निघाला. तिच्या डाव्या बाजूला काहीतरी दिसलं. “घाबरू नका, बरेचदा काही नसतं,” तिथली नर्स म्हणाली, “पण पुन्हा नीट बघावं लागेल. सुईने थोडा तुकडा काढू.”

सुईचं नाव काढल्यावर ताईचा चेहरा पडला. जिचा जन्म सुईत गेला, तिचा. कारण मला ठाऊक होतं. आमच्या आईलाही गाठ होती. ती गाठ घेऊन आई घरभर कामं करत फिरत होती, आणि ऑपरेशन झाल्यावर महिन्याभरात गेली. ताईने तेव्हाच मनाशी पक्कं केलं, की आईला गाठीने नाही, उघडण्याने मारलं. सुरी लागली की गाठ पसरते. आई दवाखान्यात गेली तीच मुळात फार उशिरा, हे मी सांगून सांगून थकले. “नुसती बघायला म्हणून शिवण उसवत नाहीत,” ती म्हणायची. “उसवलेलं कापड सुटतच जातं.”

कापडाचं ठीक आहे. पण माणसाला कापडाचा नियम लावणारी ही एकटीच.

दवाखान्यातून फोन यायचे. ताई आवाज बदलून सांगायची, “त्या गावाला गेल्यात.” एकदा पलीकडून विचारलं, आपण कोण बोलताय? तर म्हणाली, “मी त्यांची धाकटी बहीण.” धाकटी बहीण समोर हूक लावत बसलेली. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू आलं. मी भांडले, अबोला धरला, एकदा तर तिला न्यायला रिक्षा दारात आणून उभी केली. ती मशिनवरून उठली नाही. “मला काही दुखत नाही, खुपत नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला?”

परवा घरी इस्त्रीला तिचा ब्लाउज घेतला आणि उलटा केला. डाव्या काखेखाली जुन्या टाक्यांची भोकं दिसली. बाजू सैल करायला शिवण उसवून जराशी काठाकडे सरकवली होती, मग पुन्हा उसवून आणखी सरकवली होती. उजवी बाजू जशीच्या तशी. मी तिचं कपाट उघडलं. सगळ्या ब्लाउजांचं तेच. काम इतकं सफाईचं, की बाहेरून कुणाला कळू नये. रोज शेजारी बसणाऱ्या मलाही कळलं नव्हतं.

मला वाटायचं, हिला कळत नाही म्हणून ही जात नाही. सगळ्यांत आधी हिलाच कळलं होतं. टेप लावून ती वर्षभर ते मोजत होती.

मी गाळ्यात जाऊन तो ब्लाउज तिच्या मशिनवर टाकला. मशिन थांबलं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू उचलून नेलं असतंस.”

“मग काय, बघत बसले असते?”

“मी बसलेच आहे की बघत.” तिने मान वर केली नाही. “तपासलं नाही तोवर ती नुसती सूज आहे गं. तपासलं, की मी आईच्या जागी.”

मी तिचे पाय धरले. “आत्ता चल. अशीच चल.”

ती नाही म्हणाली नाही. माझ्या जिवात जीव आला. मग म्हणाली, “आधी एक कर. हा अंगातला काखेत फार काचतोय. जरा सैल करून दे. मला आता जमत नाही.”

तिला पडद्यामागे नेलं, ब्लाउजची कड उलटून पाहिली. शिवण कापडाच्या अगदी टोकावर येऊन ठेपली होती.

“ताई, यात सोडायला कापडच उरलं नाही.”

“नीट बघ.”

“बघितलं.”

गळ्यातला टेप काढून तिने माझ्या हातात दिला. “मग नवाच शिवू. माप घे. डावीकडे आत भरपूर कापड ठेव.”

आणि माप द्यायला ती दोन्ही हात वर घ्यायला गेली. उजवा वर गेला. डावा गेला नाही.