आबा, बिडी आणि शेजारचा ओटा

माझ्या वडिलांना शेजाऱ्याने पळवून नेलं. एकदाच नव्हे, रोज संध्याकाळी पाचला नेतो आणि साडेसातला जेवायला परत पाठवतो!

मी जुन्या ट्रॅक्टरांची दलाली करणारा माणूस. बोदवडपासून धुळ्यापर्यंत कुणालाही विचारा, घासाघाशीत मला कुणी हरवलेलं नाही. (कुणी हरवलंच असेल, तर त्याला मी नंतर एकट्यात गाठलेलं आहे.) त्याच जिभेच्या जोरावर जळगावात घर बांधलं. पुढे ग्रॅनाइटचा ओटा, ओट्यावर पितळी कड्यांचा झोपाळा. कुणासाठी? आबांसाठी! ते पिंपळनेरहून कायमचे राहायला आले त्या दिवशी मी त्यांना हाताला धरून झोपाळ्यावर बसवलं. आबांनी समाधानाने पाय पसरले आणि खिशातून बिडीचं बंडल काढलं.

"आबा, इथे नाही हं! नवा ग्रॅनाइट आहे, डाग पडतात. शिवाय तुमची तब्येत."

"बरं," आबा म्हणाले.

सौदा इतक्या पटकन पटला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी आबा चपला घालून थेट शेजारच्या रमेशभाऊंच्या ओट्यावर! रमेशभाऊ निवृत्त कारकून. ओटा साध्या फरशीचा, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, राखेसाठी रंगाचा रिकामा डबा. एवढ्याशा भांडवलावर या माणसाने माझा बाप फितवला!

बिडीचं एक वेळ सोडा. पण ते हसणं! माझ्याशी आबा दिवसभरात दोनच वाक्यं बोलतात: "जेवना का?" आणि "पंखा बंद कर." तिकडे मात्र खो खो हसणं, मांडीवर थापा. मी लहानपणी रेड्याच्या पाठीवरून पडलो होतो, ही गोष्ट मला कुंपणाच्या भिंतीपलीकडून ऐकून कळली. माझीच गोष्ट! आणि सांगताहेत कुणाला, तर रमेशभाऊंना!

मी भिंतीवरून मान काढली. "रमेशभाऊ, तुमचा धूर आमच्या घरात येतो."

"भाऊ, वारा तर तुमच्याकडून आमच्याकडे येऊन राहिला."

"मग वाऱ्याच्या उलट येतो!"

आबांनी सावकाश झुरका घेतला. "तुले काय तरास व्हई राहिना रे? आमना धूर आमनाकडेच शे."

आमना! कुणाचा 'आमना'? त्या शब्दाने माझं रक्त उकळलं. मी कॉलनीच्या ग्रुपवर खरमरीत मजकूर टाकला: 'घराबाहेर बसून धूर सोडणाऱ्यांनी शेजाऱ्यांच्या फुप्फुसांचा विचार करावा.' रमेशभाऊंनी खाली हात जोडल्याचं चित्र टाकून सगळ्यांना चहाला बोलावलं. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर आणखी चार खुर्च्या वाढल्या!

"तुम्हाला धुराचा त्रास नाहीच," माझी बायको सुनंदा म्हणाली. "तुम्ही जळताय."

"मी? त्या डबेवाल्या ओट्यावर?"

"मग भरीत करा. भरिताच्या वासाने आबा पळत येतील."

काय डोकं आहे! थंडीचे दिवस, बाजारात हिरवीगार भरिताची वांगी. शिवाय अंगणात वांगी भाजली की थोडा धूर रमेशभाऊंकडेही जाईल, त्यांनाही कळेल शेजाऱ्याचा धूर काय असतो! मी पाच किलो वांगी आणली. भरिताची वांगी भाजायची ती कपाशीच्या वाळक्या काड्यांवर. काड्या विकणारी बाई म्हणाली, "ओल्या शेत दादा, आठ दिवस वाळू द्या." ओल्या? मग भाव कमी करा! अर्ध्या भावात भारा उचलला आणि त्याच संध्याकाळी पेटवला.

पेटवला म्हणजे, पेटला नाही. नुसता धुमसला. मी वाकून फुंकर मारली. मग पुठ्ठ्याने वारा घातला. धुराचा पांढरा डोंगर उठला आणि वारा (नालायक!) नेमका त्या दिवशी फिरला. आधी माझा झोपाळा दिसेनासा झाला, मग ग्रॅनाइट, मग सुनंदा. समोरच्या अक्का वाळत घातलेल्या साड्या कवटाळून धावल्या. कोपऱ्यावरचे गुरुजी खोकत ओरडले, "कुणाचं घर जळतंय?" कुणीतरी लगेच फोन फिरवला आणि पंधरा मिनिटांत घंटा वाजवत आगीचा बंब दारात!

"आग कुठे आहे?" जवानाने विचारलं.

"आग नाही, साहेब. भरीत आहे."

"मग एवढा धूर?"

"काड्या स्वस्त मिळाल्या," धुराच्या आतून सुनंदाचा आवाज आला.

तेवढ्यात आबा आणि रमेशभाऊ आले. एकाने माझ्या हातातला पुठ्ठा हिसकावला, दुसऱ्याने भारा विस्कटला. रमेशभाऊंनी गच्चीवरून वाळक्या काड्या आणल्या, आबांनी बिडीच्या काडेपेटीची एकच काडी ओढली, आणि जाळ कसा भडभड पेटला! वांगी झकास भाजली. पण माझा ओटा काजळीने काळा, म्हणून पंगत बसली रमेशभाऊंच्या ओट्यावर. बंबावरचे जवानही जेवून गेले. जाताना एक जण म्हणाला, "वा रमेशभाऊ, तुमची भरीत पार्टी लक्षात राहील!"

तुमची! वांगी माझी, काड्या माझ्या (पहिल्या तरी), बाप माझा!

दुसऱ्या दिवशी पाचला मी सौद्याचा सगळा माल आबांच्या पायाशी ठेवला: ओटा, झोपाळा, बिडी. "आबा, इथेच बसा. हव्या तेवढ्या बिड्या ओढा. ग्रॅनाइट गेला खड्ड्यात. हवं तर मी पेटवून देतो."

आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी! म्हणाले, "नको रे भाऊ. माले तठे करमस. तू बी चाल."

मी एका शब्दाची घासाघीस केली नाही. घरातून खुर्ची उचलली, आबांच्या मागोमाग त्या ओट्यावर चढलो आणि त्यांच्या अगदी शेजारी बसायला लागलो. तेवढ्यात रमेशभाऊंनी नाक मुरडलं.

"भाऊ, खुर्ची जरा लांब टाका ना. तुमच्या अंगाला धुराचा फार वास येऊन राहिला!"